दम धरून बसलेलं पाणी

आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नव्हतं. वडील सुपारीच्या झाडांवर चढायचे. झाडं दुसऱ्यांची, मजुरी आमची. मी अकरावीत असताना ते तापाने गेले. मग आईने त्याच मालकांच्या वाड्या शिंपायचं काम धरलं. दिवसाला तीन वाड्या. विहिरीवर मोटर, मोटरीला लांबच लांब काळा पाइप, आणि पाइपाच्या तोंडाशी काहीही नाही. पाणी लांबच्या झाडापर्यंत फेकायचं तर तोंडावर बोट दाबून धरायचं. आमच्याकडे सगळे असंच करतात. आई डाव्या हाताचं, अंगठ्याशेजारचं बोट दाबायची. त्या बोटाचं टोक कायम पांढरं आणि सुरकुतलेलं असायचं. मी बी.कॉम. झाले ती त्या शिंपण्यावर, हे मी कोणाहीसमोर सांगते. त्यात लाज कसली?

मग वादळ आलं आणि एका दिवसात वाड्याच आडव्या झाल्या. शिंपायला झाडं उरली नाहीत. ते वर्ष आम्ही दोघींनी भात आणि सुकट यांवर काढलं, आणि सुकटही रोज नसायची. मी मुंबईला नोकरीला जाणार होते, ते राहिलं. आईला एकटीला सोडून जायचा धीर झाला नाही. बचत गटाच्या बायकांनी हात दिला म्हणून घरामागे दोन खोल्या उभ्या राहिल्या. पुढे जांभ्या चिऱ्याचं अंगण केलं, रस्त्यावरून वर यायला चिऱ्याच्याच नऊ पायऱ्या केल्या आणि पर्यटक ठेवायला लागलो. दिवेआगर जवळ, त्यामुळे माणसं येत होती.

पण चिरा पाणी पितो आणि हिरवा होतो. दुसऱ्या पावसाळ्यानंतर आमच्या पायऱ्यांवर असं शेवाळ धरलं की मांजरसुद्धा कडेकडेने चढायचं. एक पाहुण्या बाई चौथ्या पायरीवरून घसरल्या. कोपर खरचटलं, एवढंच. पण त्या पडल्या तेव्हा झालेला आवाज माझ्या कानातून जाईना. डोकं आपटलं असतं तर? आम्ही दोघी त्या दोन खोल्यांवर जगत होतो. एक माणूस वाईट पडला असता तर पुन्हा भात आणि सुकट. आई गुडघ्यांवर बसून तारेच्या ब्रशने पायऱ्या घासायची, आठ दिवसांत शेवाळ परत. शेवटी मी ठरवलं, प्रेशर वॉशर घ्यायचा.

आई म्हणाली, “नथूदादाला इचारल्याबगर काय घेऊ नको.”

नथूमामा आईच्या माहेरचा, बंदरावरच्या कोळीवाड्यातला. नात्याने कोणी नाही, पण आईला बहीण मानायचा, म्हणून माझा मामा. आधी होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा. पुढे पंप, मिक्सर, धुलाईची मशीनं, आणि घरोघर पाहुणे ठेवायला लागल्यापासून ही प्रेशरची मशीनं. जेटीच्या अलीकडे त्याची पत्र्याची शेड होती. मी पहिल्यांदा कामासाठी तिथे गेले तेव्हा तो एक मिक्सर उघडून बसला होता, आणि मिक्सरची वायर त्याच्या मांडीखाली गेलेली होती. प्लग काढून तो त्याच्यावर बसला होता. मी हसले तर म्हणाला, “कुनीतरी येतंय आनि बटन दाबतंय. मी बसलोय तवर दाबा म्हनावं.”

तो घाबरट होता. हे मी प्रेमाने म्हणते, पण घाबरट होता. कुठल्याही मशीनला पहिला स्पर्श हाताच्या मागच्या बाजूने करायचा. झटका बसला तर हात मागे फेकला जातो, मूठ आवळली जात नाही, असं त्याचं म्हणणं. पायाखाली लाकडाची फळी असल्याशिवाय चालू मशीनजवळ उभा राहायचा नाही. सुरू करताना तोंड बाजूला वळवायचा, जसं काही मशीन थुंकणार आहे. बंदरावरची तरणी माणसं त्याची मजा करायची. डाव्या हाताची दोन बोटं नव्हती त्याला, अंगठ्याशेजारची दोन. मासेमारीच्या होडीवर जाळं ओढायचा विंच असतो, त्याच्या दोरीत ती गेली, असं सगळे सांगायचे. “विंचानं बोटं नेली नि काळीजबी नेलं,” असं त्याच्या तोंडावर म्हणायचे. तो नुसता हात खिशात घालायचा.

मी मोबाइलवर एक मशीन दाखवलं. दोनशे बार दाबाचं. मला वाटलं, बी.कॉम. झालेली भाची एवढा अभ्यास करून आली म्हणून तो खूश होईल. त्याने मोबाइल हातात घेतलाच नाही. विचारलं, धुणार काय? चिरा. विहिरीचं पाणी मे महिन्यात किती खाली जातं? नळापासून पायऱ्या किती लांब? पाणी खारट आहे का? आणि मग, “धरनार कोन?”

“मी,” म्हटलं.

“आनि तू घरात नसलीस की?”

“मग मशीन बंद.”

त्याने माझ्याकडे बघितलं. ‘हिला घर चालवणं काय असतं ते अजून कळायचंय’ असा अर्थ त्या बघण्यात होता. मग समजावून सांगितलं. चिरा म्हणजे दगड नव्हे, घट्ट झालेली माती. दोनशेच्या दाबाने पायऱ्या स्वच्छ होतील आणि दोन वर्षांत खड्डेही पडतील. शेवाळ काढायला शंभर, फार तर एकशेवीस पुष्कळ झालं. त्यापेक्षा पाणी मिनिटाला किती लिटर येतं ते बघ, घाण वाहून नेतं ते पाणी. पंपाचं डोकं पितळेचं घे, समुद्राच्या हवेत अ‍ॅल्युमिनियमला पांढरं धरतं आणि ते आतून सडतं. आणि सुटं सामान माणगावात मिळतं का ते आधी फोन करून विचार, नाहीतर एका रबरी कडीसाठी मशीन फळीवर जाईल.

पितळेचं डोकं मी घेतलं, माणगावात फोनही केला. पण मशीन घेतलं दीडशे बारचं. मोठा आकडा म्हणजे चांगला, हे मला शाळा-कॉलेजाने शिकवलं होतं.

खोकं आलं तसं मामाने निरोप धाडला, मशीन चालू करू नको, इथे आण, आणि सोबतचं बुक आण. रिक्षातून नेलं. त्याने मला शेडच्या दारात खुर्ची दिली आणि म्हणाला, वाच. माहितीपुस्तिका इंग्रजीत, चाळीस पानांची. मामा चौथीपर्यंत शिकलेला, तोही मराठी. मी एकेक पान वाचून मराठीत सांगत होते आणि खरं सांगते, मला फार बरं वाटत होतं. आजूबाजूला दोन-तीन खलाशी उभे होते. इंग्रजी वाचणारी मुलगी आमच्या घरातली होती.

पहिली आठ पानं नुसत्या इशाऱ्यांची. त्रिकोण, उद्गारचिन्हं, फुल्या. मी भराभर उलटायला लागले. मामाने एका चित्रावर बोट ठेवलं. उघडा हात, त्यावर पाण्याची धार, वर फुली.

“ह्ये काय लिवलंय?”

चित्राखाली सहा ओळी होत्या. मी म्हटलं, धारेसमोर हात धरू नका, असं आहे.

“येवढंच?”

“एवढंच, मामा. सगळीकडे तेच तेच असतं.”

तो त्या चित्राकडे बघत राहिला. काहीतरी बोलेल असं वाटलं. खलाशांकडे त्याने एकदा नजर टाकली, डावा हात खिशात घातला आणि म्हणाला, फुडं वाच.

त्या सहा ओळी मी वाचल्या नाहीत. मी ते पान उलटलं.

मशीन कसं वापरायचं ते त्याने माझ्याकडून पाठ करून घेतलं, पाढे घेतात तसं. आधी नळ सोडायचा, मग पाइपाच्या टोकाला बंदूक असते तिचा घोडा दाबून पाइपातली हवा काढायची, सलग धार आली की मगच वीज. “आधी पानी, मंग वीज. बंद करताना आधी वीज, मंग पानी.” कोरडं फिरवलं की पंप गेलाच. पाणी घेतो त्या तोंडाशी छोटी जाळी असते, दर खेपेला काढून धुवायची. आमच्या विहिरीची रेती तिथेच अडते. साबण वापरला तर शेवटी दोन मिनिटं नुसतं पाणी सोडायचं. साबण आत सुकला की झडप चिकटते. रबरी कड्यांना थोडं व्हॅसलीन. वायरला जोडवायर लावायची नाही, लावायचीच तर जाड, आणि जोड जमिनीवर ठेवायचा नाही. घरात झटका लागताच वीज तोडणारा खटका आहे का? नव्हता. तो बसवल्याशिवाय त्याने मशीन घरी नेऊ दिलं नाही.

आणि सगळ्यात शेवटी, दर वेळी सांगायचा ते. मशीन बंद केलं, प्लग काढला, नळ बंद केला, तरी काम संपत नाही. बंदूक जमिनीकडे धरून घोडा दाबायचा. फुस्स करून उरलेलं पाणी निघतं. “बंद केलं म्हंजे मेलं न्हाय. आत दम धरून बसलंय. त्याचा दम सोडव, मंग हात लाव.” हे वाक्य बोलताना त्याचा आवाज खाली यायचा. आजारी माणसाच्या खोलीत बोलतो तसा. मला त्याचं हसू यायचं.

मशीन छान चाललं. पायऱ्या पहिल्यांदा झाल्या तेव्हा चिऱ्याचा मूळचा तांबूस रंग दिसला आणि आई अंगणात उभी राहून बघतच राहिली. गुडघे टेकायला नकोत, हात भरून यायला नको. चार दिवसांत तिने मशीन माझ्या हातातून घेतलं. मला मामाचा प्रश्न आठवला नाही. उलट मी तिच्यासाठी एक सोय केली. बंदुकीच्या पुढे हातभर लांब नळी असते, आई बुटकी, तिला ती जड जायची. मी नळी काढून तोटी थेट बंदुकीला बसवून दिली. आई म्हणाली, आता पाइपासारखं वाटतंय.

दिवाळीच्या आधीचा आठवडा होता. सकाळी मी आत पाहुण्यांच्या फोनवर होते, आई पायऱ्या धूत होती, साबण लावून. पायरी आणि भिंत यांच्यामधल्या कोपऱ्यात शेवाळ अडकलं होतं. तोटीची धार पंख्यासारखी पसरट, कोपऱ्यात नीट जात नव्हती. आईने आयुष्यभर केलं तेच केलं. उजव्या हाताने घोडा दाबलेला, आणि धार बारीक करायला डाव्या हाताचं बोट तोंडावर.

त्याच वेळी मामा वर येत होता. पहिल्या दहा वेळा वापरून झालं की जाळी आणि कड्या तपासायला येतो, असं त्याने सांगितलं होतं, म्हणून आला. त्याने बोट ठेवलेलं पाहिलं नाही. आई हात झटकत होती तेवढं पाहिलं.

मी बाहेर आले तेव्हा मशीन बंद होतं, प्लग मामाच्या हातात होता आणि तो खालच्या पायरीवर बसला होता. ओल्या पायरीवर, लेंग्यासकट. चेहरा राखेसारखा. मला वाटलं, यालाच काहीतरी झालंय. आई हसत होती.

“काय न्हाय गं. मुंगी चावल्यावानी झालं. ह्यो बघ कसा बसलाय.”

तिने बोट दाखवलं. रक्त नाही. टोकाला एक ठिपका, किड्याने तांदळाला भोक पाडावं तेवढा. मी म्हटलं, हळद लाव.

“हळद न्हाय,” मामा म्हणाला. “गाडी बोलव.”

आई म्हणाली, चुलीवर भात आहे, दुपारी पाहुणे यायचेत. मी म्हटलं, मामा, जेवणं उरकली की जाऊ, नाहीतर संध्याकाळी. तो उठला. मोठ्याने तो कधी बोलायचा नाही, तेव्हाही बोलला नाही.

“आत्ता, बाय. भात करपू दे. किती वाजले?”

दहा वाजून दहा मिनिटं. त्याने मला पेन आणायला सांगितलं आणि आईच्या मनगटावर ती वेळ लिहायला लावली. आणि म्हणाला, तुझं ते बुक घे.

तेव्हा मला भीती वाटायला लागली. ठिपक्याची नव्हे, त्याची. रिक्षात तो आईचा हात आपल्या छातीशी वर धरून बसला होता, खाली येऊ देत नव्हता. दर थोड्या वेळाने विचारायचा, दुखतंय का? आधी आई नाही म्हणाली. मग म्हणाली, जड झालंय. मग नुसती बोटाकडे बघत राहिली. बोट पांढरं पडलं होतं, शिंपणीच्या दिवसांतल्यासारखं, पण फुगत होतं. मी हात लावला तर इतर बोटांपेक्षा थंड. बाहेर उजेड लख्ख, रस्त्यावर दिवाळीचे कंदील टांगलेले, आणि आमच्या रिक्षात मामा दर वळणावर किती वाजले विचारत होता.

वाटेतल्या मोठ्या गावात एक दवाखाना आहे, तिथे आधी गेलो. डॉक्टर तरुण होते, बाहेर तापाच्या रोग्यांची रांग. त्यांनी बोट बघितलं, दाबलं, म्हणाले, टोचल्यासारखं दिसतंय, खोल नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन देतो, गोळ्या देतो, परवा दाखवा. वाईट माणूस नव्हता. त्या ठिपक्याकडे बघून मीही तेच म्हटलं असतं. खरं तर मला हायसं वाटलं. आईने पदर सावरला आणि उठली.

मामा दाराशी उभा होता. डॉक्टरांसमोर खुर्चीत बसायची त्याला सवय नव्हती. तो आत आला, खिशातून डावा हात काढला आणि टेबलावर ठेवला. कागदांवर. तो हात मी इतक्या जवळून कधी पाहिला नव्हता.

“डॉक्टरसाहेब, ह्या हाताला बी येवढंच भोक व्हतं.”

मग त्याने सांगितलं. होडीच्या इंजिनात डिझेलचा फवारा मारणारी नळी असते, ती तपासताना धार बोटाला लागली. डिझेलचा एक थेंब. रक्त नाही, दुखणं नाही. त्याने बोट तोंडात घालून चोखलं आणि रात्रीच्या भरतीला होडीबरोबर गेला. दुसऱ्या दिवशी बोट सुजलं, शेजारचंही सुजलं. खोल समुद्रात होते, मासळी चांगली लागली होती, माघारी फिरा म्हणायची त्याला लाज वाटली. तिसऱ्या दिवशी दोन्ही काळी. बंदरावर उतरवलं तेव्हा कापण्याशिवाय काही उरलं नव्हतं.

“समदे म्हनतात विंचानं नेली. मी म्हनू दिलं. विंचानं न्हाय नेली, साहेब. मी थांबलो, म्हनून गेली.”

आईने त्याच्याकडे बघितलं. एवढ्या वर्षांची ओळख, तिलाही हे माहीत नव्हतं. ती परत खुर्चीत बसली.

डॉक्टर म्हणाले, पण ते डिझेल होतं, हे तर पाणी आहे. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. मामा माझ्याकडे वळला. “बुक काढ.”

मी पान उघडलं. तेच चित्र. हात, धार, फुली. खालच्या सहा ओळी मी तेव्हा पहिल्यांदा वाचल्या, त्या खोलीत, मोठ्याने. धार कातडी फोडून आत शिरू शकते. पाणी, साबण आणि घाण आत खोलवर पसरते. जखम साधी दिसली तरी साधी समजू नका. ताबडतोब शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरकडे जा. जाताना ही पुस्तिका सोबत न्या. कॉलेजात मी चारशे मुलांसमोर भाषण केलंय, आवाज कापला नव्हता. त्या सहा ओळींत तीनदा थांबले.

डॉक्टरांनी पुस्तिका हातातून घेतली आणि स्वतः वाचली. एकदा, परत एकदा. साबण होता का? होता. पाणी कसलं? विहिरीचं. त्यांनी बोटाचं मूळ दाबलं, मघाशी दाबलं नव्हतं तिथे, आणि आई पहिल्यांदा कळवळली. ते लगेच फोनला लागले. माणगावातल्या शस्त्रक्रिया करणाऱ्या मोठ्या डॉक्टरांशी बोलले, चिठ्ठी लिहिली, मनगटावरची वेळ चिठ्ठीत उतरवून घेतली. यांना पाणीसुद्धा देऊ नका, म्हणाले, आणि बाहेर येऊन रिक्षावाल्याला त्यांनीच रस्ता सांगितला.

पुढच्या रस्त्यात आई एकदाच बोलली. माझ्याशी नाही, मामाशी.

“दादा, बोट नसलं की गाठ मारता येते का रे?”

त्याने तिचा हात आणखी वर धरला. मग म्हणाला, “मारता येते. सोडवता येत न्हाय.”

मी रस्त्याकडे तोंड केलं. आईच्या त्या हाताने नारळ सोलले होते, भाकऱ्या थापल्या होत्या, पाच वर्षं परक्याची झाडं जगवली होती. आणि नळी मी काढून दिली होती. पान मी उलटलं होतं. घरात इंग्रजी वाचता येणारी मी एकटी, आणि वाचायचं तेच मी वाचलं नव्हतं.

माणगावात दोन वाजायच्या आत तिला आत घेतलं. बोट टोकापासून तळहातापर्यंत उघडलं. आत साबण होता, आणि शेवाळाचे हिरवे कण, पार दुसऱ्या पेरापर्यंत. सगळं धुऊन काढलं, जखम उघडीच ठेवली, दोन दिवसांनी परत धुतली, मग शिवली. मोठे डॉक्टर म्हणाले, दोन दिवसांनी आणलं असतंत तर मी बोट काढलं असतं. मामा बाहेरच्या बाकावर बसला होता. मी त्याला हे सांगितलं तर त्याने नुसती मान हलवली आणि विचारलं, आपण कुठे चहा प्यायचा. सकाळपासून त्याने काही खाल्लं नव्हतं.

चहाच्या टपरीवर तो म्हणाला, “मी तवाच सांगाया पायजे व्हतं. तुझ्या त्या चित्राच्या टायमाला. ती पोरं हुबी व्हती म्हनून…”

मी म्हटलं, मामा, मी वाचायला पाहिजे होतं. आम्ही दोघांनी एकमेकांचं कबूल करून घेतलं आणि चहा प्यायलो.

आई घरी आल्यावर तो महिनाभर रोज यायचा. ओलं फडकं पिळायला लावायचा, दहा वेळा, वीस वेळा. ती रडायची, शिव्या द्यायची, “तुझी दोन गेली म्हनून माज्या एकामागं लागलायस” म्हणायची. तो म्हणायचा, व्हय, अजून पाच वेळा.

मशीन मी विकायला काढलं होतं. त्याने विकू दिलं नाही. म्हणाला, मशीन वाईट नाही, आपण त्याला पाइप समजलो. लांब नळी परत बसवली आणि तिच्या जोडाला तारेचा असा वेढा मारला की हत्याराशिवाय निघू नये. शेवाळाला पसरट धारच हवी, कोपऱ्यासाठी ब्रश हवा, असं आईला दाखवून दिलं.

मग मला म्हणाला, ते पान मराठीत लिही. मोठ्या अक्षरात, माझ्यासारख्याला वाचता येईल असं. मी लिहिलं. “पाइपासारखं तोंडावर बोट धरू नका” ही ओळ पुस्तिकेत नव्हती, ती मी वरती घातली. जगात कुठल्याही कंपनीला ती सुचणार नाही. आमच्याकडच्या माणसाला मात्र आधी तीच सांगायला हवी. मामाने त्याच्या प्रती काढल्या, प्लास्टिकमध्ये घातल्या, आणि ज्या ज्या घरी प्रेशरचं मशीन होतं तिथे स्वतः जाऊन घरातल्या प्रत्येकाकडून ते मोठ्याने वाचून घेतलं. वाचून झालं की खिशातून हात काढून दाखवायचा. बंदरावर कोणीतरी म्हणालं, मामा, विंचाची गोष्टच बरी होती. तो म्हणाला, “व्हय. पन ती ऐकून कुनाचं बोट वाचत न्हवतं.”

भीती त्याची गेली नाही. शेवटपर्यंत मशीन सुरू करताना तो तोंड वळवायचाच. मीही आता वळवते.

गेल्या पावसाळ्यात तो गेला. आठ दिवस ताप, मग श्वास. शेड त्याच्या पुतण्याकडे आहे. आईच्या बोटाचं शेवटचं पेर वाकत नाही आणि थंडीत ठणकतं. पण तिला गाठ मारताही येते आणि सोडवताही येते. आमच्या दोन खोल्यांच्या चार झाल्या. आमच्या गावात आणि बंदरावर मिळून आज अकरा घरांत प्रेशरची मशीनं आहेत, अकराही ठिकाणी ते पान भिंतीला आहे, आणि आजपर्यंत त्यातल्या एकाही घरात कोणाचं बोट गेलेलं नाही.